न्यूझीलंडचं दक्षिण बेट, दोघं आणि एक गाडी: आधी पायवाटा ठरवा, मग रस्ते

दक्षिण बेटाची सहल आखताना बहुतेक जोडपी आधी गावं आणि मुक्काम ठरवतात आणि पायी फिरणं उरल्या वेळात बसवायला बघतात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. दहा दिवसांत जवळजवळ अख्खं बेट पालथं घातलं. परत आल्यावर माझ्या नवऱ्याने फोटो उघडून बघितले, तर अर्धेअधिक गाडीच्या काचेतून घेतलेले. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला आणि तीच पद्धत इथे सांगते आहे.

पहिलं काम: दोघांची चाल मोजा

तिकिटं काढण्याआधी पाठीवर सामान घेऊन तीन-चार तास एकत्र चाला. त्यात चढही हवा आणि उतारही. कोण कुठे थांबतं, उतारावर कुणाचे गुडघे बोलायला लागतात, झुलत्या पुलावर कुणाचे पाय लटपटतात, हे घरीच कळलेलं बरं. जो हळू चालतो त्याच्या चालीने सहल आखा. ‘तू हो पुढे, मी येतेच मागून’ हे वाक्य डोंगरात धोक्याचं आहे, आणि सहलीतला रुसवाही बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

दुसरं काम: तीन-चार वाटा निवडा, जास्त नकोत

इथल्या बहुतेक वाटा डॉक म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कन्झर्व्हेशन हे सरकारी निसर्गसंवर्धन खातं सांभाळतं. प्रत्येक वाटेचं अंतर, लागणारा वेळ आणि वाट चालू की बंद, हे सगळं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतं.

आओराकी माउंट कुक हे ३,७२४ मीटर उंचीचं देशातलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या पायथ्याची हूकर व्हॅलीची वाट जाऊन-येऊन १० किलोमीटर, साधारण तीन तासांची आणि जवळजवळ सपाट. ज्यांना फार चढायचं नाही त्यांनी हीच धरावी. वाटेवरचा एक पूल नवा बांधायचा म्हणून २०२५ मध्ये पुढचा टप्पा बंद ठेवला होता, तेव्हा सद्यस्थिती बघूनच निघा. पायथ्याच्या माउंट कुक गावातूनच सीली टार्न्सला, म्हणजे डोंगरातल्या छोट्या तळ्यांकडे, जाता येतं, पण तिथे २,२०० पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो तो सोसता येतो, उतरताना मात्र मांड्या थरथरतात.

वानाकाजवळच्या रॉईज पीकचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. माथा १,५७८ मीटरवर, वाट जाऊन-येऊन १६ किलोमीटर, पाच ते सहा तास, आणि चढ १,२०० मीटरहून जास्त. वाटेत सावली जवळजवळ नाहीच. मेंढ्यांच्या विणीसाठी ती १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर बंद असते, आणि नेमकं त्याच काळात जाऊन हिरमुसणारे बरेच भेटतात. दोघांपैकी एकालाही तो चढ नकोसा वाटत असेल तर हट्ट करू नका. जवळच्याच डायमंड लेक आणि रॉकी माउंटनच्या वाटेवरूनही वानाका सरोवर छान दिसतं.

आणि माझी सगळ्यांत आवडती वाट म्हणजे ‘की समिट’ (Key Summit). तिच्याबद्दल शेवटी सांगते.

तिसरं काम: वाटा रस्त्यांनी जोडा

क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, ते आनाऊ आणि शेवटी क्वीन्सटाउन, असा क्रम दहा-बारा दिवसांत निवांत होतो. लांब ड्रायव्हिंग आणि लांब चालणं एकाच दिवशी ठेवू नका. सहा तास चालून आलेल्या माणसाने अंधारात घाटरस्त्यावर गाडी चालवणं मला मुळीच पटत नाही. अंतरं नकाशावर छोटी वाटतात. प्रत्यक्षात रस्ते वळणावळणाचे, बऱ्याच ठिकाणी दोनच पदरी, शिवाय दर वीस मिनिटांनी कुणीतरी ‘थांब, थांब’ म्हणतंच. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, एका बाजूला जवळजवळ चार तास. म्हणून मुक्काम ते आनाऊला करा, तिथून १२० किलोमीटरच्या आतबाहेर उरतं.

मुख्य म्हणजे प्रत्येक मोठ्या वाटेमागे एक दिवस रिकामा सोडा. मिलफर्डला वर्षाला ६,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे तुमच्या वेळापत्रकाला विचारतंय कोण?

चौथं काम: कागदपत्रं आणि गाडी

पासपोर्ट कुठल्या देशाचा त्यावर व्हिसा लागतो की एनझेडईटीए ही ऑनलाइन प्रवास परवानगी पुरते, ते ठरतं. निघण्याआधी प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. वाहन परवाना इंग्रजीत नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना किंवा मान्य भाषांतर जवळ हवं.

गाडी घेताना तीन गोष्टी विचाराच: दोघांचीही नावं चालक म्हणून घातली आहेत का, अपघात झाला तर पदरचे किती भरावे लागतील, आणि कुठल्या रस्त्यांवर विमा चालत नाही. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅन्यनच्या रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांचा विमा सहसा चालत नाही. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची तर वेगळे पैसे लागू शकतात, तेही आधीच विचारून घ्या.

पाचवं काम: बूट घासा

हे गमतीचं वाटेल, पण बाहेरची माती, बिया आणि कीड देशात येऊ नये म्हणून विमानतळावर फार कडक तपासणी असते. खाण्याची प्रत्येक वस्तू आणि वापरलेले ट्रेकिंगचे बूट फॉर्मवर जाहीर करायचे. विसरलात तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. मी जुना दात घासायचा ब्रश घेऊन तळव्याच्या खाचांतली माती काढली होती. अधिकाऱ्याने बूट उलटे करून पाहिले, मान हलवली आणि परत दिले.

सहावं काम: पहिल्या दिवशी गाडी चालवू नका

लांबच्या विमानप्रवासानंतर एक रात्र नीट झोपा. इथे गाडी डावीकडून चालते. गावाबाहेर वेगमर्यादा बहुधा ताशी १०० किलोमीटर, गावात ५०. मर्यादा म्हणजे तेवढा वेग गाठलाच पाहिजे असं नाही. मागे गाड्या साठल्या तर जागा मिळताच डावीकडे घेऊन त्यांना पुढे जाऊ द्या.

एकपदरी पूल मात्र शिकूनच घ्या. पुलाआधी पाटी असते, तिच्यावर दोन बाण. तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याचा हक्क पहिला. निळ्या पाटीवर तुमच्या दिशेचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर हक्क तुमचा, तरीही पूल रिकामा आहे हे पाहूनच चाक पुढे टाका. आमच्याकडे शेजारी बसणाऱ्याने पाटी दिसताच मोठ्याने ‘लाल’ किंवा ‘पांढरा’ म्हणायचं असं ठरलं होतं. दोन दिवसांत सवय झाली आणि भीती गेली.

मिलफर्डच्या रस्त्याला निघताना ते आनाऊलाच टाकी भरा. पुढे बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. मे ते नोव्हेंबर या काळात बर्फासाठी चाकांच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात, आणि हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंदही होतो.

चालायच्या दिवशी

सकाळी मेटसर्व्हिस या हवामान संस्थेचा अंदाज बघा. कुठे चाललो, कधी परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी कुणाला तरी सांगून ठेवा. दूरच्या वाटेसाठी आपत्कालीन बीकन, म्हणजे संकटात मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र, भाड्याने मिळतो, तो घ्या. उन्हाळ्यातही लोकरीची टोपी आणि पावसाळी जॅकेट पिशवीत हवंच, आणि ढग असले तरी सनस्क्रीन. सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावून हैराण करते, पण ती मुख्यतः थांबलेल्यांना गाठते, चालत राहिलं की त्रास कमी. किआ नावाचा पोपट गाडीच्या काचेभोवतीचं रबर ओढून काढतो. कितीही जवळ आला तरी त्याला खायला घालू नका, माणसाचं खाणं त्याला अपायकारक असतं.

परत फिरायची वेळ आधीच ठरवा. दोघांपैकी एकानेही ‘आता पुरे’ म्हटलं की कारण न विचारता दोघांनी वळायचं.

आता की समिट. ते आनाऊहून दीडेक तासावर ‘द डिव्हाइड’ नावाच्या थांब्यावर गाडी लावायची. सुरुवातीला रूटबर्न ट्रॅक या लांबच्या पायवाटेवरूनच, बीच नावाच्या झाडांच्या शेवाळलेल्या जंगलातून चढायचं, मग फाट्यावरून वर. जाऊन-येऊन तीन तास. आमचे दोन दिवस पावसात गेले होते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे राखून ठेवलेल्या रिकाम्या दिवशी, वर पोचलो तेव्हा माथ्यावर, ९१८ मीटरवर, सगळं धुकंच होतं. पाणथळ गवतातल्या फळ्यांवर बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. चहा संपता संपता धुकं खालच्या दरीकडून फाटत गेलं, समोर मोठ्या दरीच्या वर कड्यावर टांगल्यासारखी लेक मारियनची दरी उघडली, आणि पायाजवळच्या डबक्यात तिच्या वरच्या शिखराचं पांढरं टोक उलटं दिसू लागलं. त्यावेळी आम्ही दोघंच होतो वर. फळ्या ओल्या असतात, बसायला काहीतरी घेऊन जा.