शेजारचं जनावर उपाशी बांधून ठेवलंय असं वाटतंय? प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला फोन करायच्या आधीची तयारी

आधी एवढंच बघा की थांबायला वेळ आहे का. जनावर उठत नसेल, जखमेत अळ्या पडल्या असतील, भर उन्हात बंद गाडीत कोंडलं असेल, दोरी गळ्यात रुतली असेल तर खालचं काहीएक करत बसू नका, सरळ फोन लावा. त्यासाठी नंबर आजच सेव्ह करून ठेवा. आपल्या गोव्यात बार्देशवाल्यांना असगावचं प्राण्यांचं शेल्टर जवळ, सांगे-केप्याकडच्यांना कुडचड्याचं, काणकोणात चापोलीचं. तुमच्या गावापर्यंत त्यांची गाडी येते का आणि रात्री फोन कोण उचलतं हे आधीच विचारून घ्या, गरज पडते तेव्हा नेमकं हेच माहीत नसतं.

बाकीची तयारी आहे ती हळूहळू चालणाऱ्या हालांसाठी, म्हणजे मारझोड कोणी करत नाही पण जनावराकडे ढुंकूनही बघत नाही. आमच्या डिचोलीकडे वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, एक घर आहे, म्हातारा-म्हातारी मुंबईला मुलाकडे गेली आणि त्यांचा कुत्रा टायगर मागे परसात बांधलेला राहिला, एक माणूस अधूनमधून येऊन भात टाकून जायचा. मी रागाच्या भरात फोन केला, म्हटलं खूप हाल आहेत लवकर या. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, कधीपासून बांधलाय, साखळी किती लांब, पाणी शेवटचं कधी दिसलं, मालक कोण, घर नेमकं कुठे. मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. ते सगळं गोळा करून परत फोन करेपर्यंत ८ दिवस गेले आणि ते ८ दिवस त्या कुत्र्याने तिथेच काढले, हे मला अजून सलतं.

म्हणून पहिलं काम वही. मोबाइलमधली नोट चालेल पण रोज लिहा, सकाळ-संध्याकाळ, ४-५ दिवस तरी. तारीख, वेळ आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच. "सकाळी ७.४०, भांडं कोरडं, कुत्रा उन्हात" हे कामाचं, "मालक राक्षस आहे" हे कामाचं नाही, कितीही खरं वाटलं तरी. शेजारच्या मावशीने सांगितलेलं असेल तर मावशीने सांगितलं असंच लिहा, स्वतः बघितलेलं आणि ऐकलेलं एकत्र करू नका, कारण पुढे कोणी विचारलं तर तुम्ही बघितलेलंच टिकतं.

सावली दुपारी २ वाजता बघा. सकाळी ९ला माडाची सावली कुत्र्यावर असते आणि दुपारी तिथलाच चिरा (लाल दगड) तापून तवा झालेला असतो. एप्रिल-मेमध्ये पाण्याचं भांडं किती वेळ रिकामं राहतं ते लिहा. पावसात उलटं, बसायला कोरडी जागा आहे का, की पाण्यातच उभा आहे, आणि वास येतोय का, कारण पावसाळ्यात छोट्या जखमेतसुद्धा पटकन अळ्या पडतात. साखळी फुटपट्टीने मोजता येणार नाही, मग कुत्र्याच्या अंगावरून सांगा, दोन कुत्र्यांएवढी लांब आहे, किंवा आडवं होता येतं पण वळता येत नाही, असं. कधी सोडतात का तेही. विष्ठा साचलीय का, नखं वाकडी वाढलीत का, गोचीड, खरूज, पट्ट्याखालची कातडी.

अंगाचं बघताना जरा जपून. रस्त्यावरून फासळ्या मोजता येतात, कमरेची हाडं आणि पाठीचा कणा वर आलाय, हे लिहाच. पण म्हातारा किंवा आजारी कुत्रा नीट खाऊनही वाळतो, रस्त्यावरून नुकताच घरी आणलेलासुद्धा हडकुळाच असतो. म्हणून वाळलाय एवढ्यावर थांबू नका, वाळलाय आणि भांडं रिकामं आणि ३ दिवस कोणी आलं नाही असं एकत्र द्या.

विचारण्यासारखं वातावरण असेल तर घरच्यांना एकदा विचारा. भांडायला नको, "काकू, कुत्रा बरा नाही का हल्ली" एवढंच. कधी घरातला माणूस बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, अ‍ॅडमिट असतो आणि मागे बघायला कोणी नसतं, कधी डॉक्टरचा खर्च झेपत नसतो. अशा ठिकाणी संस्थेची मदत दुसऱ्या प्रकारची लागते आणि ते आधीच सांगितलं तर येणारी माणसं तशी तयारी करून येतात. माणूस तापट किंवा पिणारा असेल तर मात्र तोंडही उघडू नका.

फोटो रस्त्यावरून किंवा आपल्या गॅलरीतून. कंपाउंडात शिरायचं नाही, साखळी सोडून घेऊन तर अजिबात जायचं नाही, मालक चोरीची तक्रार करू शकतो आणि मग कुत्र्याचा विषय बाजूलाच राहतो. एक लांबून काढा ज्यात घर आणि कुत्रा दोन्ही दिसतील, एक जवळून, एक भांड्याचा, आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. वेगवेगळ्या दिवसांचे हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की त्याच्या आतली तारीख-वेळ निघून जाते. मूळ फोटो फोनमधून उडवू नका. आणि इन्स्टावर आधी टाकू नका, हात जोडून सांगते, मालकाच्या कानावर गेलं की कुत्रा रातोरात गायब होतो आणि संस्थेची माणसं येतात तेव्हा रिकामी साखळी असते.

पत्ता हा आपल्याकडचा मोठा घोळ. एकाच नावाचा वाडा तीन गावांत सापडतो. म्हणून लोकेशन पिन, घर नंबर, पंचायत, वॉर्ड, देऊळ किंवा खुरीस (क्रॉस) किंवा बाजूचं दुकान, गेटचा रंग, सगळं द्या. घर भाड्याचं असेल तर भाडेकरू कोण, घरमालक कोण, बांधकामाची साइट असेल तर तिथला बोर्ड फोटोत घ्या.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या, म्हणजे अपेक्षा नीट राहतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११, त्यात मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि फार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं, दोन्ही गुन्हे आहेत. पण पहिल्या वेळचा दंड आजही १० ते ५० रुपये, आणि हे गुन्हे दखलपात्र नाहीत, म्हणजे पोलीस लगेच जीप काढून येतील असं नाही. जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर गोष्ट वेगळी, तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. संस्थेच्या माणसांनाही कोणाचं गेट उघडून आत जायचा अधिकार नसतो, ती आधी बोलूनच बघतात. मला हा दंड बघून संताप येतो, पण म्हणूनच तुमची वही भक्कम हवी, मालकाशी बोलायला त्यांच्या हातात तेवढंच असतं.

फोनवर सुरुवातीलाच कुठलं जनावर, कुठे, किती दिवस, आज कसं आहे हे सांगा, गोष्ट नंतर. नाव गुप्त ठेवायचं असेल तर स्पष्ट बोला, पण नंबर द्या, त्यांना परत विचारायला लागतं. बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रारीचा नंबर असेल तर तो वहीत. मग तेच सगळं मेसेज किंवा ईमेलने लेखी पाठवा. ३ दिवसांत काही कळलं नाही तर परत फोन, न चिडता, त्यांच्याकडे माणसं कमी आणि फोन फार असतात. तरीही काही हललं नाही तर पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या, एक प्रत पशुसंवर्धन खात्याला, आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

मधल्या दिवसांत कुंपणावरून पाणी देता येत असेल तर जरूर द्या. खायला साधा भात, थोडा थोडा, दिवसातून ३-४ वेळा. बरेच दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घातलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. कांदा घातलेलं कालवण नको, माशाचे काटे नकोत. तुम्ही काय दिलं तेही लिहा, नाहीतर भरलेलं भांडं बघून मालकच देतो असं वाटायचं. हात आत घालू नका. चावला किंवा ओरखडला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी हेल्थ सेंटर, गोव्यात रेबीज आटोक्यात आलाय म्हणून ढिलाई नको.

माणसं यायच्या दिवशी फोन चार्ज ठेवा, रेंज असते तिथे थांबा, लांबून घर दाखवा आणि मालकाशी बोलायचं त्यांच्यावर सोडा. ती गेल्यावरही वही बंद करायची नाही. आमच्याकडे मालकाने कबूल केलं, लांब दोरी आली, वर पत्रा आला, आणि २० दिवसांनी परत तीच आखूड साखळी. तेव्हा दुसरा फोन ५ मिनिटांत झाला, कारण तारखा समोर होत्या. टायगर आता पलीकडच्या वाड्यावर वहिनींकडे असतो, मालकाने लिहून दिलं. गळ्याभोवती केस अजून आलेले नाहीत.