घरच्या घरी शिकायचे खेळ: आदल्या रात्रीच काय काय करून ठेवायचं

मूल साधारण २ ते ५ वर्षांचं असेल आणि घरीच खेळता खेळता रंग, अंक, अक्षरं असं काहीतरी करायचं डोक्यात असेल तर सामान जमवायच्या आधी एकच गोष्ट ठरवून टाका, ती म्हणजे चुकलं हे खेळाने सांगायचं, आपण नाही. तयारीच अशी करायची की पोरगं खेळत असताना आपल्याला "अंहं, ते नाही, हे बघ" असं म्हणायची वेळच येऊ नये. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी पहिली शाळा काढली, त्यांच्या साहित्यातली गोम हीच होती, लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवायचे आणि एखादा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्टा उरतोच, मग मूल स्वतःच परत शोधायला लागतं. आपल्याला लाकूडकाम करायचं नाहीये पण पुठ्ठ्यावर हे सहज जमतं.

सामान म्हणाल तर खोक्यांचा जाड पुठ्ठा, जाड कागद, स्केचपेन, गोंद, चिकटपट्टी, कात्री, कपड्यांचे चिमटे, बरण्यांची मोठी झाकणं, एक जुना अभ्रा, थोडी बारीक चाळलेली वाळू, झालं. खोकं उलगडलं की पहिल्यांदा पिना बघायच्या, तळाच्या घडीत धातूच्या जाड पिना असतात आणि घाईत त्या पुठ्ठ्यासकट कापल्या जातात, त्या सगळ्या उपसून टाका आणि टेप सोलून काढा. कार्डं कापून झाली की कोपरे गोल करा, टोकदार पुठ्ठा डोळ्याला लागतो आणि गोल कोपरे लवकर दुमडतही नाहीत. कटरचं काम मूल झोपल्यावर. रंगवणं, चिकटवणं मात्र मुद्दाम त्याच्यासाठी शिल्लक ठेवा, स्वतः रंगवलेला खेळ मुलं जास्त दिवस खेळतात (वाकडातिकडा रंगला तर रंगू दे).

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वगळून पुढे जाऊ नका. घरात ३ वर्षांच्या आतलं मूल असेल, भले खेळ मोठ्यासाठी असेल, तरी बारीक वस्तू नकोत. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३.१७ सेंमी व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात, त्यात वस्तू पूर्ण मावली की ती लहानांसाठी नापास. घरी ते नळकांडं कुठून आणणार, तर टिश्यूरोल संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी घ्या, ती त्याहून थोडी रुंदच असते म्हणजे आपला नियम आपोआप जास्त कडक होतो. पाण्याच्या बाटलीची झाकणं सगळीकडे सुचवतात ना, ती ३ सेंमीच्या आसपास असतात, म्हणजे नापास, म्हणूनच वर बरणीची झाकणं लिहिलीत. फुगे, फुटलेल्या फुग्याचे तुकडे, मणी, बटणं, सगळं बाद. आणि चपटे गोल बटण सेल आणि छोटे लोहचुंबक तर कुठल्याही वयाला खेळात नकोत, सेल गिळला गेला तर २ तासांत अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे जुन्या रिमोटचा किंवा आवाज करणाऱ्या खेळण्याचा भाग कापून वापरायचा असेल तर आधी तो उघडून बघा.

जोड्या लावायचा खेळ सगळ्यांना माहितीये, २-२ सारखी चित्रं, पालथी घालायची, उघडून जोडी शोधायची. यात तयारी चुकते ती कागदात. पातळ कागदावर स्केचपेनने काढलं की मागून दिसतं आणि पोरं इतकी हुशार की चित्र लक्षात ठेवायच्या ऐवजी मागचा लाल डाग लक्षात ठेवतात, खेळ तिथेच संपला. म्हणून चित्र वेगळ्या कागदावर काढून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि सगळी कार्डं एकाच खोक्यातून कापा. ३ वर्षांच्या मुलाला ३-४ जोड्या भरपूर होतात, आणि त्याहून लहान असेल तर पालथं घालूच नका, उघडीच ठेवून जोड्या लावू द्या. अजून सोपं काही हवं असेल तर धुतलेल्या मोज्यांचा ढीग पुढ्यात ठेवा, तेवढंच घरातलं कामही होतं.

अंकांसाठी मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेला खेळ म्हणजे १ ते १० ची सरळ पट्टी. लांब पुठ्ठा घ्या, सारखे १० चौकोन आखा, डावीकडून उजवीकडे अंक लिहा, एक सोंगटी आणि एक फासा. सापासारखी वळणारी पट्टी दिसायला छान पण या वयाला सरळच बरी, कारण पुढे जाणं म्हणजे मोठा अंक हे डोळ्यांना दिसतं. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये लहान मुलांबरोबर असाच खेळ खेळून बघितला, १५-२० मिनिटांची ४ सत्रं, आणि अंक लिहिलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांची अंकांची समज वाढली, नुसत्या रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांची नाही. म्हणजे चौकोनात अंक हवाच, आणि सोंगटी सरकवताना तोच अंक मोठ्याने म्हणायचा. सोंगटी ३ वर आहे आणि फाशावर २ पडले तर "एक, दोन" नाही म्हणायचं, "चार, पाच" म्हणायचं. सवयीने तोंडातून एक दोनच येतं, म्हणून पहिल्या एकदोन डावांत आपणच आपली सोंगटी तशी चालवून दाखवायची, मग ते आपोआप उचलतात. फासा घरीच करा, ५ सेंमीचा पुठ्ठ्याचा ठोकळा, आत कागदाचे बोळे गच्च भरा नाहीतर दुसऱ्याच दिवशी चेपतो, आणि ठिपके १, २, ३ एवढेच २-२ बाजूंवर काढा. तीनपर्यंतचे ठिपके मुलं बघताक्षणी ओळखायला लागतात, सहा मोजत बसलं की डाव रेंगाळतो.

चिमट्यांची कार्डं पाच मिनिटांत होतात. कार्डावर मधे अंक, कडेला तितकेच ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर एक चिमटा. ठिपका रिकामा राहिला तर कमी, चिमट्याखाली ठिपका नाही तर जास्त, कोणी सांगायची गरज नाही. बोटांना जोर येतो, पुढे पेन्सिल धरायला उपयोगी. चिमटे आधी स्वतः दाबून बघा, नवीन असतील तर स्प्रिंग फार कडक असते.

अक्षरांना जरा वेळ काढा. जाड कार्डावर पेन्सिलने अक्षर मोठं काढा, त्यावर गोंदाची जाड रेघ, वरून वाळू, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी झटकून बोट फिरवून बघा, कुठे टोचतंय का, कुठे वाळूच नाहीये का. पॉलिश पेपर (सँडपेपर) कापून करायचं असेल तर मागच्या बाजूला अक्षर उलटं काढावं लागतं, त्यापेक्षा वाळू बरी. कुठून बोट सुरू करायचं तिथे एक हिरवा ठिपका द्या. सगळी मुळाक्षरं करायच्या भानगडीत पडू नका, मुलाच्या नावातली अक्षरं आधी करा, ती त्याला कुठेही लिहिलेली दिसली की ओळखीची वाटतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एका दिवशी काढू नका, एक पक्कं झालं की मगच दुसरं. काना-वेलांटीला एवढ्यात हात लावायचा नाही.

बाकी खेळांना विशेष तयारी नाही. अभ्र्यात चमचा, कंगवा, स्पंज, चेंडू घालून न बघता हाताने ओळखायचं, बाहेर त्याच वस्तूंची चित्रं ठेवली की मूल स्वतःच ताडून बघतं. ताटात ३ वस्तू, वर रुमाल, हळूच एक काढून घ्यायची, काय गेलं ते सांग, जमायला लागलं की ४, मग ५. जमिनीवर आकार आखून उड्या मारायच्या असतील तर चिकटपट्टीने आखा, कागद टाकलात तर पाय घसरलाच म्हणून समजा, आणि पट्टी त्याच दिवशी काढा, नंतर तिचा चिकटा निघता निघत नाही.

पाण्यात काय तरंगतं काय बुडतं हा खेळ मुलांना फारच आवडतो, पण त्यासाठी आपण पूर्ण मोकळे असू तेव्हाच. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, तेव्हा फोन वाजला तरी उठायचं नाही आणि खेळ संपला की टब लगेच रिकामा. वस्तू आणि जुना टॉवेल आधीच शेजारी ठेवा म्हणजे मधेच आत जावं लागत नाही.

सगळं झालं की एकेका खेळाला एकेक पाऊच आणि त्या खेळाच्या प्रत्येक तुकड्यामागे एकच खूण, जोड्यांच्या कार्डांना त्रिकोण, चिमट्यांच्या कार्डांना चांदणी असं काहीही, म्हणजे पलंगाखाली सापडलेला तुकडा कुठला ते मूलच सांगतं. जोड्यांच्या कार्डांवर खूण अगदी सारखी काढा, एखादीवर त्रिकोण वाकडा झाला तर तेवढ्यावरून ते कार्ड ओळखतील. हाताशी ३-४ पाऊच पुरेत, उरलेले वर ठेवा आणि कंटाळा दिसला की बदला. भूक लागलेली किंवा झोप आलेली असताना काहीच काढू नका. आणि खोक्यातून कार्डं कापतानाच २-३ कोरी जास्तीची कापून पाऊचमध्ये टाका, एखादं कार्ड हरवतंच, आणि मग नंतर दुसऱ्या पुठ्ठ्याचं केलं की रंगावरून लगेच पकडलं जातं.