तिसऱ्या लेखानंतर गाडी अडते तेव्हा

नव्याने लिहू लागलेल्या माणसाचे पहिले दोन-तीन लेख भराभर होतात, कारण ते विषय वर्षानुवर्षं मनात घोळत असतात. ती शिल्लक संपली की लिहिणं थांबतं आणि ‘हे आपलं काम नव्हे’ असं वाटू लागतं. अशा वेळी प्रेरणेची वाट बघत बसू नये. आधी नवा माल भरावा.

त्यासाठी एक वही ठेवा, पण तिच्यात ‘पावसाळा’ असा नुसता शब्द टिपू नका. महिन्याभराने त्यावरून काहीच आठवत नाही. पूर्ण प्रश्न लिहा: ‘भर पावसात मेथीची जुडी बारीक आणि महाग का होते?’ असे आठ-दहा प्रश्न वहीत असले की कोऱ्या कागदाची धास्ती बरीच कमी होते.

विषय लहान असण्याचा फायदा इथेच कळतो. ‘शेतीचं अर्थकारण’ सहाशे शब्दांत बसवायला गेलं की तिसऱ्या परिच्छेदापासून वर्तमानपत्री वाक्यं येऊ लागतात; लिहिणाऱ्यालाही ती उसनी आहेत हे जाणवतं आणि हात आखडतो. मेथीचं तसं नाही. सकाळी मंडईत जाऊन दोघा भाजीवाल्यांशी बोललं तरी पुरेसा ऐवज मिळतो. वाफ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात, भिजलेली पानं गोणीत गरम होऊन सडतात, आवक घटते, आणि निवडताना जी फेकावी लागते तिची किंमत उरलेल्या जुडीवर चढते. हे सगळं स्वतः विचारून आणलेलं असलं की लिहिताना आवाज आपोआप ठाम होतो. आत्मविश्वासाचं बरंचसं गणित एवढंच आहे.

बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, आठवड्यातून तीनदा, दर वेळी अडीचशे ते तीनशे शब्द. नोकरी-घर सांभाळून रोज लिहिण्याचा संकल्प सहसा दुसऱ्या आठवड्यात मोडतो, आणि मोडलेला संकल्प पुन्हा बसायची लाज वाटायला लावतो. पहिल्या खर्ड्यात मागे वळून दुरुस्ती करू नका. लेख अर्धवट राहण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहिलाच परिच्छेद पुन्हापुन्हा घासणं. सुरुवात सुचत नसेल तर मधूनच लिहायला लागा. उठताना पुढचं वाक्य अर्धं लिहून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी कुठून धरायचं हा प्रश्न उरत नाही. फोनवर बोलून टंकायला हरकत नाही, वेग चांगला येतो. मात्र विरामचिन्हं गायब होतात, न-ण ची गल्लत होते, म्हणून तो निव्वळ कच्चा माल समजावा.

दुरुस्तीला निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि मोठ्याने वाचा. ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे असं म्हणता येईल की कदाचित पावसाळ्यात भाज्या थोड्याफार महाग होतात’ यातली पहिली सात पदं आणि ‘थोड्याफार’ काढून टाका. माहिती होती तेवढीच राहते, भीती तेवढी जाते.

शुद्धलेखनाच्या धाकाने कित्येकजण लेख दाखवतच नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे मूळ नियम चौदा (1962), नंतर चार वाढले (1972), एकूण अठराच. त्यातले दोन पक्के केले तरी बऱ्याच चुका टळतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, वाळू (‘आणि’सारखे मोजके अपवाद). अकारान्त (‘अ’ने संपणाऱ्या) मराठी शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, इकार-उकार दीर्घ, पण प्रत्यय लागताच ऱ्हस्व: फूल-फुलाला, मीठ-मिठाचा. गुण, विष असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र संस्कृतप्रमाणे ऱ्हस्वच. बाकी मुद्रितशोधक पाहून घेतो.

वाचायला एकदोघांनाच द्या आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. उत्तर ‘छान’ येतं आणि ते कशाच्याच कामाचं नसतं. ‘कुठल्या ओळीला कंटाळा आला?’ असं विचारा.

बाहेरची मुदत हवी असेल तर दिवाळी अंकासारखी सोय नाही. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली ही प्रथा सुरू केली, आणि आजही साहित्य मागवण्याची घाई साधारण जून ते ऑगस्टमध्ये असते. नामवंत अंकांच्या जोडीला तालुक्याच्या गावचे छोटे अंक आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे अंकही बघा; तिथे नवख्याला जागा मिळण्याची शक्यता जास्त. शब्दमर्यादा पाळा. मजकूर युनिकोडमध्ये टंका, नाहीतर जुन्या फाँटमधलं लेखन समोरच्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडतं. नुसती पीडीएफ पाठवली तर जुळणी करणाऱ्याला सगळं पुन्हा टंकावं लागू शकतं. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी. नकार बहुधा पत्राने कळत नाही, उत्तरच येत नाही. म्हणून पाठवतानाच ‘अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर लेख इतरत्र देईन’ अशी ओळ घाला, वहीत ती तारीख टिपा आणि दुसऱ्या प्रश्नाला लागा.