मोटरसायकलचं अॅल्युमिनियमचं चाक आरशासारखं करायचं असेल, तर

चाकाला आरसा पॉलिशने येत नाही, घासायच्या सँडपेपरने येतो. पॉलिशची डबी अगदी शेवटी उघडायची. घासायचा कंटाळा केला, तर चकाकीखालून ओरखडे डोकावतातच.

आधी चाकावर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, आहे का, ते बघा. सहज दिसणार नाही अशा जागी पांढऱ्या फडक्याने थोडं मेटल पॉलिश घासा. फडकं काळं झालं, तर धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं, तर वर थर आहे. लॅकर पेंट रिमूव्हरने निघतं. हातमोजे, चष्मा घाला आणि मोकळ्या हवेत बसा. अॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने कडक थर चढवलेल्या चाकाच्या मात्र वाटेला जाऊ नका. कॉस्टिक सोड्याचा क्लीनरही नको, अॅल्युमिनियम काळवंडतं.

चाक गाडीवरून उतरवा, ब्रेकची डिस्क काढा, बेअरिंगवर टेप लावा. गाडी स्टँडवर घेऊन, गिअर टाकून फिरत्या चाकाला फडकं धरणं मला अजिबात मान्य नाही. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं, की बोटं जातात.

आता पेपर, खरखरीतकडून बारीककडे: 400, 600, 800, 1000, 1500, 2000. वॉटर पेपरच, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पेपर घ्या आणि पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका. 400 आडवा फिरवला तर 600 उभा, 800 परत आडवा. म्हणजे आधीच्या नंबरचा राहिलेला ओरखडा लगेच उठून दिसतो. बॅटरी तिरकी धरून बघा; एक जरी आडवी रेघ दिसली, तरी पुढचा नंबर हातात घेऊ नका. दर नंबरला चाक धुवा, बादलीतलं पाणीही बदला. 400 चा एक खडा 1500 खाली आला, की सगळं मागे जातं. आऱ्यांच्या कोपऱ्यांत पेपर पातळ लाकडी पट्टीला गुंडाळून घाला. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, जाऊ द्या.

2000 नंतर चाक मंद, दुधट दिसतं. बरोबर आहे. ड्रिलला कापडी बफ (चकाकी आणायची गोल चकती) लावून आधी ब्राऊन कंपाऊंड, म्हणजे बफला लावायचं पॉलिशचं मिश्रण, मग दुसऱ्या बफवर पांढरं. तोंडाला मास्क हवाच. बफ एका जागी दाबून धरलात, तर धातू तापून कंपाऊंडचे काळे पट्टे चिकटतात. शेवटी हाताने मेटल पॉलिश, आणि उरलेला तेलकटपणा काढायला कॉर्नफ्लॉर भुरभुरून मऊ फडक्याने पुसा.

वर मेणाचा हात द्या. लॅकर नसल्यामुळे चमक हळूहळू उतरणार. तेव्हा नुसतं हाताने पॉलिश पुरतं. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने पुसूनच बसवा, तिला मेण किंवा पॉलिश लागलं तर ब्रेक लागणार नाही.