नाशिकच्या घरात किलीफिश : पहिल्या माशांपासून पहिल्या पिल्लांपर्यंत

किलीफिश हे छोटे, रंगीत मासे पाळायला सुरुवात करताना त्यांपैकी कोणता निवडला, यावरच पुढचे बरेचसे यश अवलंबून असते. छायाचित्रे पाहून पुष्कळ जण थेट पूर्व आफ्रिकेतील नोथोब्रँकियसकडे वळतात, कारण त्यांचे रंग खरोखरच विलक्षण असतात. परंतु हे मासे पावसाळ्यात भरून नंतर आटणाऱ्या डबक्यांत राहतात, त्यांचे आयुष्य अल्प असते आणि त्यांची अंडी सुकलेल्या चिखलात पुढच्या पावसापर्यंत टिकून राहतात. हे चक्र घरात सांभाळणे शक्य असले, तरी ते नवख्याचे काम नाही. पहिला मासा म्हणून नायजेरिया व कॅमेरून येथील फंड्युलोपँचॅक्स गार्डनेरीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो नळाच्या पाण्याशी सहज जुळवून घेतो, त्याची अंडी पाण्यातच दोन ते तीन आठवड्यांत तयार होतात आणि पिल्ले इतकी मोठी निघतात की पहिल्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव) खाऊ शकतात.

एक नर व दोन माद्या यांना वीस लिटरची टाकी पुरते. नर माद्यांचा सतत पाठलाग करतो, म्हणून जावा मॉस (पाण्यात वाढणारे शेवाळासारखे रोप) भरपूर घालावे, म्हणजे दमलेल्या मादीला लपायला जागा राहते. एअर पंपावर मंद चालणारा स्पंज फिल्टर उत्तम. जोराचा प्रवाह या माशांना मानवत नाही. झाकणाबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. किलीफिश उडी मारण्यात पटाईत असतात आणि एअर पंपाची नळी जाण्यासाठी सोडलेल्या बोटभर फटीतूनही बाहेर पडतात, त्यामुळे ती फटसुद्धा स्पंजाच्या तुकड्याने बुजवावी.

गंगापूर धरणाचे नळाला येणारे पाणी या माशाला चालते, पण त्यातील क्लोरीन जाण्यासाठी ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे किंवा त्यात अँटिक्लोरीन घालावे. इमारतीला बोअरचे पाणी असेल तर ते बहुधा जड असते. अशा वेळी त्यात निम्मे आरओचे पाणी मिसळावे. आपल्याकडे सोसायट्यांच्या आवारात देशी बदामाची झाडे असतात, त्यांचे गळून पडलेले, वाळलेले एखादे पान स्वच्छ धुऊन टाकीत सोडल्यास पाण्याला हलका तपकिरी रंग येतो आणि मासे अधिक निर्धास्त वावरतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.

नाशिकमध्ये खरी परीक्षा तापमानाची असते. गार्डनेरीला २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते. आपल्याकडे मात्र डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. थंडीवर लहान हीटर हा सोपा उपाय आहे. उन्हाळ्यात मात्र स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील घरांत टाकी भिंतीवरच्या फळीऐवजी जमिनीलगत, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी आणि झाकणाच्या जागी बारीक जाळी ताणून बसवून पाण्यावर छोटा पंखा सोडावा. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरते. घटलेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे, कारण पाण्याची वाफ होते पण क्षार टाकीतच राहतात.

प्रजननापूर्वी आठवडाभर नर व माद्या वेगळे ठेवून त्यांना जिवंत खाद्य द्यावे. डासांच्या अळ्या किंवा डॅफ्निया (पाण्यातल्या बारीक पिसवा) मिळाल्यास माद्यांची पोटे लवकर भरून येतात. अंडी घालण्यासाठी लोकरीचा झुपका करावा. गडद हिरवी ॲक्रिलिक लोकर वीतभर रुंदीच्या पुस्तकाभोवती चाळीस-पन्नास वेळा गुंडाळावी, एका कडेला घट्ट बांधून दुसरी कड कापावी, रंग निघायचा थांबेपर्यंत झुपका उकळावा आणि बुचाला बांधून पाण्यात तरंगत सोडावा. दोन-तीन दिवसांनी तो हलकेच पिळून उजेडात एकेक धागा बाजूला करत पाहिल्यास मोहरीच्या बारीक दाण्याएवढी, काचेसारखी पारदर्शक अंडी दिसतात. त्यांचे कवच इतके टणक असते की ती बोटांनी उचलता येतात, आणि नवख्याला हे प्रथम खरेच वाटत नाही.

ही अंडी झाकणाच्या उथळ डबीत, टाकीच्याच पाण्यात ठेवावीत. बुरशी येऊ नये म्हणून पाणी जेमतेम निळसर दिसेल इतके मिथिलिन ब्लू घालावे आणि डबी अंधाऱ्या कपाटात ठेवावी. पांढरी पडलेली अंडी रोज काढून टाकावीत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. दुसऱ्या आठवड्यात भिंगातून पाहिल्यास आतल्या पिल्लाचे सोनेरी कडा असलेले डोळे स्पष्ट दिसतात. पुष्कळदा पिल्लू अंड्यातल्या अंड्यात वळतानाही दिसते. पूर्ण तयार झालेली अंडी तशीच पडून राहिली, तर ती ताज्या, थोड्या गार पाण्याच्या बाटलीत घालून बाटली हळूच हलवावी.

पिल्ले निघण्याच्या आदल्या दिवशीच आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात लावावीत. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम मीठ, सतत हवा आणि २६ ते २८ अंश तापमान मिळाल्यास साधारण चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी जीव तयार होतात. ते बारीक कापडातून गाळून, साध्या पाण्याने धुऊन पिल्लांना दिवसातून दोनदा थोडे थोडे द्यावेत. उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि पिल्लांचा घात करते, म्हणून ते ड्रॉपरने शोषून काढावे. जलद वाढणारी पिल्ले लहान भावंडांना गिळतात, त्यामुळे आकारानुसार टाक्या वेगळ्या कराव्यात.

किलीफिश पाळणारे लोक माशाच्या नावासोबत तो मूळ कोणत्या ठिकाणचा आहे, हेही लिहून ठेवतात. गार्डनेरीचे अक्युरे, मकुर्डी, मिसाजे असे अनेक स्थानिक वंश आहेत. त्यांच्या माद्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात आणि वेगवेगळे वंश एकाच टाकीत ठेवले की संकर होऊन शुद्ध वंश कायमचा हातचा जातो. म्हणून प्रत्येक टाकीवर व अंड्यांच्या प्रत्येक डबीवर नाव, स्थान आणि तारीख लिहावी. जास्त झालेले मासे इतर हौशी पाळणाऱ्यांना याच माहितीसह द्यावेत. गोदावरीत किंवा नासर्डीत मात्र एकही सोडू नये, कारण याच पाण्याच्या वाटेवर पुढे नांदूर मध्यमेश्वर हे रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले पाणथळ क्षेत्र आहे.

गार्डनेरीच्या दोन पिढ्या निर्वेधपणे वाढल्या की मग झांझिबारच्या नोथोब्रँकियस ग्युंथेरीकडे वळावे. त्यासाठी लागणारे कोकोपीट आपल्याकडे कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. ते दोन-तीनदा उकळून, धुऊन एका बरणीत भरून टाकीच्या तळाशी ठेवावे, म्हणजे मासे त्यातच अंडी घालतात. दहा-बारा दिवसांनी ते जाळीत पिळून, हाताला ओल लागेल पण पाणी गळणार नाही इतपत सुकवावे, पिशवीत बंद करून तारीख घालावी आणि सुमारे तीन महिन्यांनी, अंड्यांत डोळे दिसू लागल्यावर, अठरा-वीस अंशांच्या पाण्यात भिजवावे.