सहभोजनासाठी पोदेराचा पाव : या चुका टाळा

गोव्यात गावकीचे कोणतेही काम निघाले, मग ती देवळाच्या आवाराची साफसफाई असो, क्रूसासमोरची लादाईन ही सामुदायिक प्रार्थना असो की वाचनालयाच्या छपरासाठी निधी जमवण्याचा रविवार असो, शेवटी सगळे एकत्र बसून काहीतरी खातात आणि त्या खाण्यात बहुतेक वेळा पाव असतो. पाव खाल्ल्याने माणूस बाटतो अशी समजूत एकेकाळी ज्या प्रदेशात होती, तिथे आज भाजी-पाव हाच सर्वांना चालणारा नाश्ता आहे. अलीकडे अनेक मंडळे पाकीटबंद स्लाइस ब्रेड टाळून गावातल्या पोदेराकडूनच, म्हणजे भट्टीवर पाव भाजून विकणाऱ्याकडूनच, पाव घ्यायचे ठरवतात आणि हा निर्णय सर्वस्वी योग्य आहे. तरीही अशा कार्यक्रमांनंतर ठरावीक तक्रारी ऐकू येतात: पाव वातड झाला होता, भाजीत बुडवताच विरघळला, शेवटच्या पंगतीला पुरला नाही, उरलेला दुसऱ्या दिवशी बुरसटला. यांतल्या बहुतेक तक्रारींत दोष भट्टीचा नसतो. पोदेराचा पाव काही तासांसाठी केलेला असतो आणि आपण तो काही दिवसांसाठी केलेल्या पाकिटासारखा मागवतो, नेतो आणि साठवतो; बिघाड तिथूनच सुरू होतो.

मागणी उशिरा देणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. पोदेराकडे पाव दिवसातून दोनदा निघतो, एकदा पहाटे आणि एकदा दुपारनंतर. पहाटेच्या पावाचे पीठ आदल्या संध्याकाळीच मोजून मळलेले असते, रात्रीतून त्याचे गोळे वळले जातात, ते फुगतात आणि उजाडण्यापूर्वी भट्टीत जातात. अशा वेळी रात्री नऊ वाजता फोन करून ‘उद्या सकाळी अडीचशे पाव पाहिजेत’ असे सांगितले, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. पहिली म्हणजे जादा यीस्ट आणि कोमट पाणी घालून नवे पीठ घाईने फुगवणे. असा पाव दिसायला मोठा आणि हलका असतो, पण त्याला यीस्टचा उग्र वास येतो, आत मोठी भोके पडतात आणि दुपारपर्यंत तो कोरडा होतो. दुसरी वाट म्हणजे रोजच्या घरांचा पाव आपल्याकडे वळवणे. ही दुसरी वाट अधिक वाईट आहे, कारण पाव घेऊन येणाऱ्या सायकलच्या भोंग्याची वाट पाहत दारात उभ्या असलेल्या ज्या म्हाताऱ्या जोडप्याची सकाळ त्या चार पावांवर भागते, त्यांच्या घरावरून त्या दिवशी सायकल न थांबता पुढे जाते. स्थानिक व्यवसायाला हातभार लावण्याच्या कार्यक्रमाने त्याच व्यवसायाची रोजची घडी मोडावी, यात काही अर्थ नाही.

उपाय सोपा आहे. मागणी निदान तीन-चार दिवस आधी द्यावी आणि संख्या दोनशेच्या पुढे जात असेल, तर ती शेजारच्या वाड्यावरच्या दुसऱ्या पोदेराबरोबर वाटून द्यावी. कार्यक्रम सकाळी अकराचा असेल, तर पहाटेचा पाव चालेल का, की त्यासाठी उशिराचा वेगळा घाणा काढता येईल, हे त्यालाच विचारावे. भट्टीची उष्णता पहिल्या घाण्यानंतर किती वेळ टिकते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

संख्येचा अंदाजही अनेकदा चुकतो. फक्त भाजी-पावाचा नाश्ता असेल, तर माणशी दोन पाव धरून वर थोडे जादा सांगावेत. म्हणजे १२० माणसांना २५० पाव पुरतात. त्याच पंगतीत भात असेल, तर माणशी एक ते दीड पुष्कळ होतो. श्रमदानानंतरचे जेवण असेल, तर मात्र हा हिशेब विसरावा आणि माणशी तीन सांगावेत.

भाव पाडणे, किंवा पाव फुकट मागणे

मोठी मागणी म्हणजे सवलत, हा किराणा दुकानातला हिशेब भट्टीला लागू पडत नाही. पावाचा भाव मुळातच कमी असतो, मैद्याच्या आणि लाकडाच्या किमती पोदेराच्या हातात नसतात, आणि जादा घाण्यासाठी त्याच्या कामगारांना रात्री तितका वेळ अधिक जागावे लागते. आज अनेक भट्ट्या परप्रांतातून आलेले कामगार चालवतात. मूळ घराण्यातली मुले या धंद्यात फारशी येत नाहीत, याचे कारण झोपेच्या वेळेत आणि मिळकतीत शोधावे. ‘गावचे काम आहे, पाव तुमच्याकडून’ असे चारचौघांत म्हणून पोदेराला कोंडीत पकडणे तर अगदीच टाळावे. त्याला देणगी द्यायची असेल, तर तो स्वतः देईल. आपण पूर्ण भावाने खरेदी करावी, निम्मी रक्कम मागणी देतानाच द्यावी म्हणजे पिठाची पोती त्याला उधारीवर आणावी लागणार नाहीत, आणि उरलेली रक्कम पाव ताब्यात घेताना द्यावी. ‘कार्यक्रमाचा हिशेब झाल्यावर देतो’ हे वाक्य मंडळाच्या खजिनदाराला सोयीचे असले, तरी पोदेराचा पुढचा आठवडा त्याने अडतो.

कोणत्याही पदार्थाबरोबर कोणताही पाव

‘पाव पाठवा’ एवढेच सांगितले, तर मऊ साधा पाव येतो आणि तो रस्सेदार पदार्थात लगेच मोडतो. गोव्याच्या भट्टीतले प्रकार एकमेकांची जागा घेत नाहीत. उंडा या गोल पावाचे कवच जाड आणि कुरकुरीत असते, आतला भाग घट्ट असतो. म्हणून अळसांद्याचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्सेदार भाजी) किंवा रस-ऑम्लेट यांसाठी उंडा मागवावा, कारण तो रस शोषूनही हातात टिकतो. कात्रो मऊ असतो, मुलांना आणि दात नसलेल्यांना तो बरा पडतो आणि पातळ भाजीबरोबर तो लगेच खाल्ला गेला तर उत्तम लागतो. कोंडा भुरभुरलेली पोई आतून पोकळ असते, तिच्यात बटाट्याची सुकी भाजी भरून दिली की ताटाची गरजच उरत नाही. उभ्याने खाण्याच्या कार्यक्रमाला याहून सोयीचे काही नाही. तीच पोई पातळ भाजीने भरली, तर तळाशी फाटते आणि साड्यांवर डाग पडतात. बांगडीच्या आकाराची काकणे चहाबरोबर बुडवून खायची, ती जेवणासाठी मागवू नयेत.

आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर सगळे पाव कापून ठेवणे, ही स्वयंसेवकांच्या उत्साहातून होणारी चूक आहे. कापलेल्या बाजूने ओलावा झपाट्याने उडतो आणि तासाभरात पाव वरून खरखरीत होतो. पंगत बसल्यावरच कापावा, किंवा कापूच नये. उंडा हातानेच मोडून खाण्यात मजा आहे.

गरम पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणे

भट्टीतून निघालेल्या पावातून बराच वेळ वाफ बाहेर पडत असते. तो लगेच पिशवीत बांधला, तर ती वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला पाणी होऊन जमते, कवच ओले पडते आणि पाव चिवट होतो. पावसाळ्यात तर हे हमखास होते. उष्ण-दमट हवेत असा पाव दोन दिवस राहिला, तर कधीकधी आतून चिकट होऊन त्याला अति पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागतो आणि तुकडा मोडताना तारा सुटतात. पिठातल्या काही जिवाणूंची बीजे भट्टीच्या आचेतही तग धरतात, त्यांचा हा उद्योग असतो. असा पाव भाजून खाण्याचा प्रयत्न करू नये, तो सरळ टाकून द्यावा.

पोदेराची बांबूची पाटी हे यावरचे जुने आणि पुरेसे उत्तर आहे. पाटीत धुतलेले सुती कापड अंथरावे, पाव उभे-आडवे सैल रचावेत आणि वरून कापड टाकावे. पाऊस असेल, तर त्यावर प्लॅस्टिकचे कापड नुसते पसरावे, बांधू नये.

आदल्या दिवशीचा पाव वापरण्याची वेळ आलीच, तर तो फ्रिजमध्ये ठेवू नये. पाव शिळा होतो तो केवळ सुकल्यामुळे नव्हे. भाजताना फुगलेले स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचनेत बसते आणि हे काम फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. एका रात्रीसाठी पाव कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावा, त्याहून जास्त काळासाठी फ्रीझरमध्ये. वाढण्यापूर्वी पाण्याचा हलका हात फिरवून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटे, किंवा झाकण ठेवलेल्या जाड तव्यावर मंद आचेवर गरम करावा. असा पाव पुन्हा मऊ होतो, मात्र तो एकदाच. निवाला की आधीपेक्षा कडक होतो, म्हणून पंगतीपुरताच गरम करत जावा. मायक्रोवेव्हने तो वातड होतो, हे बहुतेकांनी अनुभवलेले आहे.

घरी केलेली पोई फुगत नाही

काही ठिकाणी सहभोजनासाठी प्रत्येक घराने थोडे पाव करून आणायचे, अशी सुरेख पद्धत पडू लागली आहे. भट्टीपासून दूर, पुण्यात किंवा परदेशात राहणाऱ्यांना तर दुसरा मार्गही नसतो. अशा घरांतून एकच तक्रार येते: पोईला पोकळी येत नाही, जाड थालीपिठासारखे काहीतरी होते.

प्रमाण साधारण असे धरावे: ३०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि ३४० मिलिलिटर पाणी. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि किंचित चिकट असले पाहिजे. ते घट्ट वाटते म्हणून पाणी वाढवण्याऐवजी चिकटते म्हणून वरून कणीक घालत राहणे, ही पहिली चूक. दुसरी चूक घड्याळाकडे पाहून पीठ फुगवण्याची. मे महिन्यात ३३-३४ अंशांच्या स्वयंपाकघरात जे पीठ तासाभरात दुप्पट होते, त्याला डिसेंबरात दोन-अडीच तास लागतात, म्हणून डोळ्यांनी पाहावे. उन्हाळ्यात पाणी थंड घ्यावे आणि यीस्ट कमी करावे.

पोकळीचे खरे रहस्य आचेत आहे. लाटलेली पोई अर्धा सेंटिमीटर जाडीची, कडेपासून मध्यापर्यंत सारखी असावी, कोंड्यावर ठेवून झाकून ती वीस-पंचवीस मिनिटे विसावलेली असावी, आणि ज्या ट्रेवर ती पडणार तो ट्रे ओव्हनमध्ये निदान अर्धा तास २४०-२५० अंशांवर तापलेला असावा. भट्टीच्या तापलेल्या तळावर पोई पडताच आतले पाणी वाफ होऊन वरचा आणि खालचा थर वेगळे करते. थंड ट्रेवर ठेवलेल्या पोईत ती वाफ हळूहळू तयार होते आणि पोकळी न करता निसटून जाते. लाटताना पडलेली सुरकुती, किंवा उघडे ठेवल्यामुळे धरलेली वरची पापडीही पोईला एका बाजूने फोडते.

जुन्या चवीसाठी यीस्टऐवजी ‘नैसर्गिक’ काही वापरायचे म्हणून बाजारातली नीरा पिठात घालण्याचा प्रयोग अनेक जण करतात आणि पीठ तासन्‌तास हलत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गव्हाचा फुगवलेला पाव गोव्यात आला, तेव्हा खमीर म्हणून वापरली गेली ती माडाची आंबलेली सूर. तिच्यात जिवंत यीस्ट खदखदत असते, तर नीरा आंबू नये म्हणूनच तिच्यावर प्रक्रिया केलेली असते. माडावरून सूर काढणारे रेंदेर कमी झाले, शुद्ध सूर दुर्मीळ झाली आणि जवळपास सर्वच पोदेरांनी तयार यीस्ट स्वीकारले. जुन्या पावाच्या आंबूस चवीच्या जवळ जायचे असेल, तर घरी कणीक आणि पाणी समभाग घेऊन आठवडाभर रोज ताजे पीठ घालत वाढवलेले आंबवण वापरावे, किंवा तेही नको असेल तर यीस्ट चिमूटभरच ठेवून पीठ रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश फुगू द्यावे. दुसरा मार्ग मला गर्दीच्या कार्यक्रमासाठी अधिक भरवशाचा वाटतो.

नावावर आणि रंगावर विश्वास

पोई मधुमेहींना चालते, असे सर्रास सांगितले जाते. पुष्कळ ठिकाणी ती आज मुख्यतः मैद्याची असते आणि गव्हाचा कोंडा वरून लागलेला असतो. तिच्यात कणीक किती, हे पोदेराला विचारल्याशिवाय पंगतीत कोणालाही तसा दिलासा देऊ नये. शहरातल्या दुकानांत ‘आर्टिझन’ म्हणून विकला जाणारा तपकिरी ब्रेडही अनेकदा केवळ रंगानेच तपकिरी असतो. पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. पोटॅशियम ब्रोमेट हे पीठ सुधारणारे द्रव्य भारतात २०१६ पासून पावात वापरता येत नाही, हे माहीत असलेले बरे.

मुंबईतल्या वाचकांसाठी आणखी एक. लाकडाच्या भट्टीतलाच ब्रून, म्हणजे कडक पाव, हवा, असा हट्ट आता बेकरीवाल्याकडे धरू नये. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश दिले, आणि हा बदल म्हणजे लहान बेकऱ्यांसाठी मोठा खर्च आहे. वीज किंवा गॅसवर भाजलेला ब्रून थोडा वेगळा लागला, तरी नेहमीचे गिऱ्हाईक टिकून राहणे हीच अशा वेळी त्यांना होणारी खरी मदत आहे.

उरलेल्या पावाचा विचार न करणे

पंगत उठल्यावर ज्या घरांना पाव हवा असेल, त्यांना तो तिथेच कागदात बांधून द्यावा; ‘संध्याकाळी पाहू’ म्हणून ठेवलेला पाव संध्याकाळी कोणालाच नको असतो. उष्ट्या ताटांतला पाव वेगळा काढून गोठ्यात द्यायचा असेल, तर त्यात मांस-मासळीचा रस्सा नाही एवढे पाहावे आणि तो थोडाच द्यावा. न लागलेले उंडे पातळ कापून मंद आचेवर वाळवले, तर कटलेटसाठी उत्तम चुरा होतो आणि तो कोरड्या बरणीत दोन-तीन आठवडे टिकतो. बुरशीचा एक ठिपका दिसला, तरी तेवढा भाग काढून बाकीचा वापरू नये, कारण मऊ पावात बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. आणि पोदेराच्या पाट्या व कापडे झाडून दुपारीच त्याच्याकडे पोचवावीत, कारण संध्याकाळच्या फेरीला त्याला त्याच पाट्या लागतात.