बोर्ड ऑर्डर करायच्या आधी कागदावर प्रिंट काढून बघा

सांगलीत डिप्लोमाची पोरं प्रोजेक्टचा सर्किट बोर्ड (पीसीबी) डिझाइन करायला अजून क्रॅक केलेलं ईगल सॉफ्टवेअर शोधत बसतात, कशाला? त्याच कामाचं कीकॅड फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आपल्या कामाला साइजची, लेयरची आडकाठी नाही, आणि ईगल जून २०२६ पर्यंतच असं त्याच्या कंपनीनं, ऑटोडेस्कनं, २०२३ लाच सांगितलंय.

पण खरा घोळ फूटप्रिंटमध्ये, म्हणजे पार्टच्या पिनांसाठी बोर्डवर आखलेल्या भोकांच्या मांडणीत होतो. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसाठी बोर्ड केला होता, थ्रीडीत झकास दिसत होता, डीआरसी (सॉफ्टवेअरची डिझाइनचे नियम तपासायची सोय) क्लीन, आणि बोर्ड आल्यावर रिले बसेचना, कारण सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला रिले वेगळा आणि दुकानातनं आणलेला वेगळा. डीआरसीला हे कळत नाही हो, ते फक्त अंतरं आणि जोडण्या बघतं.

तेव्हापासून आधी पार्ट विकत आणतो, मग लेआउट १:१ प्रिंट काढतो ('फिट टू पेज' बंद करा, पट्टीनं एक बाजू मोजा), कागद थर्माकोलवर चिकटवून पार्ट टोचून बघतो. ट्रान्झिस्टरच्या पिना मात्र डेटाशीटवरूनच (कंपनीचं माहितीपत्रक) बघा, बीसी५४७ आणि २एन३९०४ दिसायला सारखेच पण कलेक्टर-एमिटर उलटे.